रेडिओचा खांदा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. तीन खुर्च्या, दोन आरसे, एक बाक आणि एकच कारागीर. त्या कारागिराला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. नळदुरुस्ती करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने एकदा दाढी करून घेताना वैतागून विचारलं होतं, "अरे, तुझं बटण कुठाय?" तेव्हापासून तो रेडिओ. शटर वर गेलं की सुरू होतो आणि शटर खाली आलं तरी थोडा वेळ चालूच असतो. उंचीने बेताचा, त्यामुळे दिवसभर चवड्यांवर उभा राहून कापतो आणि कात्रीच्या तालावर बोलतो. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी मी महिन्याच्या महिन्याला जातो. घरी माझ्याशी इतकं कोण बोलणार?

म्हणून मागच्या वर्षी मी खुर्चीत बसलो आणि त्याचं वाक्य मध्येच तुटलं, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. "तर तो घरमालक काय म्हणाला..." आणि पुढे काहीच नाही. आरशात पाहिलं तर हात माझ्या कानाच्या वर गेलेला, ओठ घट्ट मिटलेले. हात खाली आला तशी गोष्ट पुन्हा सुरू झाली. मग माथ्यावरचे केस काढायला त्याने माझी मान इतकी पुढे दाबली की हनुवटी छातीला टेकली.

"केस कापतोयस की माफी मागायला लावतोयस?" मी म्हटलं.

तो हसला, पण ते हसू त्याचं नव्हतं. त्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्या पुरुषांचे केस कानाजवळ नीट आणि माथ्यावर टोपी घातल्यासारखे दाट होते. मागून पाहिलं तर सगळे एकाच शाळेतले. कोणी काही बोललं नाही, कारण वर्षानुवर्षांच्या कारागिराला "तुझा हात बिघडलाय" असं कसं म्हणायचं? आम्ही बाहेर म्हणत होतो, आपापसांत. तेही त्याच्या कानावर जात होतंच.

त्याचा उजवा खांदा आखडला होता. हात कानापर्यंत जायचा आणि तिथे अडकायचा, फुगलेल्या ड्रॉवरसारखा. झोपेत त्या कुशीवर वळला तर ओरडून उठायचा. पण हे त्याने बायकोखेरीज कोणालाही सांगितलं नाही. ज्याला शेजाऱ्याच्या मांजराची बाळंतपणंसुद्धा जगाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तो स्वतःच्या खांद्याबद्दल मूग गिळून गप्प. त्याला कारण होतं, आणि ते कारण त्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी पेपर वाचत बसलेलं असायचं.

ते म्हणजे अप्पा, त्याचे वडील. सलून मुळात त्यांचं. अप्पा कमी बोलणारे, हाताने स्थिर. केस मागे फिरवलेले, दाट, आणि खिशात कायम एक छोटा कंगवा. गिऱ्हाईक उठलं की आधी गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकायचे आणि मग आरशात बघून स्वतःच्या डोक्यावरून कंगवा फिरवायचे, ही त्यांची पद्धत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचाही उजवा खांदा असाच धरला. हात वर न्यायचा तर त्यांची अख्खी बाजू वर जायची, मान तिरपी व्हायची, कोपर बाहेर यायचं आणि तोंड एका अंगाला ओढलं जायचं.

रेडिओ तेव्हा ऐन भरात होता. कोणी विचारलं, "अप्पांना काय झालंय रे?" की हा कात्री खाली ठेवायचा, पावडरचा ब्रश हातात घ्यायचा आणि करून दाखवायचा. मान तिरपी, कोपर बाहेर, तोंड वाकडं, आणि ब्रश कानाशी येऊन थरथरत थांबलेला. "ही अप्पांची सलामी!" नक्कल इतकी हुबेहूब की लोक पोट धरून हसायचे. नळवाला तर दाढी करायची नसली तरी यायचा, पाहुण्यांना घेऊन यायचा. "दाखव, दाखव, यांना सलामी दाखव." आम्ही सगळे हसायचो. बाकावर बसलेले अप्पाही हसायचे.

मग अप्पांनी केस कापणं सोडलं आणि फक्त दाढ्या करू लागले. मग दाढ्याही सोडल्या आणि आरसे पुसू लागले. मग खाली यायचेच बंद झाले. "जिना होत नाही आता," म्हणाले. दुखत होता खांदा आणि बंद झाला जिना, हे गणित कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

आता तोच खांदा, तीच बाजू, रेडिओच्या वाट्याला आली होती. दुकान गेलं तर काय, ही भीती होतीच. पण त्याने मला नंतर सांगितलं की ती दुसऱ्या नंबरची. पहिली ही की एक दिवस कोणीतरी ब्रश हातात घेईल आणि म्हणेल, "ही रेडिओची सलामी." आणि तोही हसेल, कारण न हसून करतो काय?

एका सकाळी त्याला स्वतःचा भांग पाडता येईना. कंगवा कपाळापर्यंत जाई, पुढे नाही. त्याची बायको, आमची वहिनी, पॅकिंगच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते. खांद्याला पर्स, पायात चपला, अशा घाईत तिने त्याच्या हातातून कंगवा घेतला आणि लहान मुलाचे विंचरावेत तसे त्याचे केस विंचरले. जाता जाता म्हणाली, "नाहीतर अप्पांसारखं सगळं काढूनच टाका. कटकट मिटेल."

ती थट्टेत बोलली आणि निघून गेली. हा मात्र तिथेच उभा राहिला. अप्पांनी दुकानात यायचं बंद केल्यावर थोड्याच दिवसांनी त्याला वर बोलावून म्हटलं होतं, "मशीन आण, सगळे केस काढ." "का हो?" "हलकं वाटेल." त्याने काढले. ते दाट, मागे फिरवलेले केस स्वतःच्या हाताने काढले, झाडून भरले आणि खाली येऊन गिऱ्हाइकांना सांगितलं की अप्पांना म्हातारपणी सिनेमात व्हिलन व्हायचंय. तेव्हापासून अप्पांच्या डोक्यावर त्याने केस वाढू दिले नव्हते. दर पंधरवड्याला मशीन फिरवायचा. खरं कारण त्याला आत्ता कळलं: त्यांना कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नव्हता, आणि लेक सलूनवाला असून त्याला "माझे केस विंचर" म्हणायची त्यांना लाज वाटली होती.

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो," रेडिओ मला म्हणाला. "बाहेरच्या खोलीत अप्पा पेपर वाचत होते. मला बाहेर जाववेना. मी मोरीतच उभा राहिलो."

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? डॉक्टर गाठला असता. पण आपले रेडिओमहाराज मागच्या बाजाराजवळच्या दुसऱ्या सलूनवाल्याकडे गेले. त्याला सगळे पहिलवान म्हणतात. कटिंग बरी करतो, पण त्याची खरी ख्याती मान मोडण्यात. डोकं दोन्ही हातांत धरून असा हिसका देतो की कडकन आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश. सलूनच्या धंद्यातली ही जुनी श्रद्धा आहे: अडकलेलं काहीही झटक्याने सुटतं. रेडिओने स्वतः आयुष्यभर लोकांच्या माना आणि बोटं मोडली होती, त्यामुळे त्याचाही त्यावर पूर्ण विश्वास. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "एक झटका दे."

पहिलवानाने दिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रेडिओ घरी आला तो हात पोटाशी धरून, पांढराफटक. दुसऱ्या दिवशी शटरवर पाटी लागली: मालक बाहेरगावी गेले आहेत. मालक वरच्या मजल्यावर उशीला हात टेकवून बसले होते.

मी जिना चढून गेलो. दार वहिनीने उघडलं आणि डोळ्यांनीच आत दाखवलं. अप्पा खिडकीपाशी होते. त्यांनी पेपर थोडा खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. मी रेडिओला सांगितलं की मी गुडघ्यासाठी जातो त्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे चल.

"ते म्हाताऱ्यांचं असतं," तो म्हणाला. "तुमचं वय झालंय, तुम्हाला ठीक आहे."

मला या वाक्याचा भयंकर राग येतो. ज्याला त्याला वय. गुडघा दुखतो? वय. पाठ धरली? वय. म्हणजे मग बसा गप्प खुर्चीत आणि गंजा. मलाही असंच सांगणारे भेटले होते आणि मी त्यांचं ऐकून वर्षभर जिन्याला घाबरून घरात बसलो होतो. "हा जिना मी आत्ता न थांबता चढून आलो," मी म्हटलं, "आणि धाप तुला लागलीय, बसल्या जागी. गुडघा आजही दुखतो. पण मी त्याला घेऊन चालतो, तो मला घेऊन बसत नाही. कळलं?"

शेवटी यायला तयार झाला, पण गल्लीत कोणाला सांगायचं नाही, या अटीवर.

बाईंचं सेंटर औषधाच्या दुकानाच्या वर आहे. एक लांब खोली, पडदे लावलेले पलंग, भिंतीवर लाकडी शिडी, छताला कप्पी आणि दोर, खुंटीला रंगीत रबरी पट्टे, आणि एका भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत आरसा. बाई वयाने लहान, आवाजाने मऊ, पण एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. त्यांनी रेडिओचा हात पुढून, बाजूने, मागून हळूहळू उचलून पाहिला.

"काका, साखर आहे का?"

"आहे की. चहात."

बाई हसल्या नाहीत. तपासून घ्या म्हणाल्या, कारण मधुमेहात खांदा असा आखडतो बऱ्याच जणांचा. (तपासली. होती.) मग विचारलं, "कोणी ओढाताण केली होती का?"

रेडिओ पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटला, "झटका दिला."

"कोणी?"

"आमच्याच धंद्यातल्या एकाने. मीच सांगितलं होतं."

बाई रागावल्या नाहीत, आणि त्याने तो जास्तच खजील झाला. त्यांनी समजावलं की सांध्याभोवतीचं आवरण आकसलं आहे. हिसका दिला की ते आणखी चिडतं. त्याला रोज थोडं थोडं मोकळं करावं लागतं, आणि यात महिने जातात. पण हात गळ्यात बांधून बसलात तर तो बसूनच राहील. आधी शेक. मग टेबलावर वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. मग दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची. ताण जाणवला तर चालेल, पण नंतर बराच वेळ ठणकत राहिलं तर समजायचं की जास्त झालं. आणि दुकान उघडा, म्हणाल्या, पण गिऱ्हाईक खाली बसवा, स्वतः ठोकळ्यावर उभे राहा, कोपर अंगाजवळ ठेवा, हात लांब करण्यापेक्षा खुर्ची फिरवा.

टेबलावर वाकून हात झुलवताना रेडिओचा चेहरा पाहण्यासारखा होता. पलीकडच्या पलंगावर पाठीला शेक घेत नेमका नळवाला पडलेला. त्याने "अरे, रेडिओ!" म्हणून हाक मारली आणि रेडिओ असा दचकला जणू चोरी करताना सापडला. म्हणजे गुपित पहिल्याच दिवशी फुटलं.

तरी व्यायाम त्याने मनावर घेतला. घरी दाराच्या मागच्या भिंतीवर खडूने खूण करायचा, बोटं कुठवर पोचली त्याची. खूण भराभर वर जाऊ लागली. मला बोलावून दाखवली. पुढच्या वेळी बाईंनाही ऐटीत म्हणाला, "बघाच आता," आणि सेंटरच्या भिंतीवर बोटं चढवली. चांगली कपाळाच्या वर.

बाई भिंतीकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या.

"काका, टाचा."

तो चवड्यांवर उभा होता. आयुष्यभर चवड्यांवर उभा राहूनच त्याने उंच डोकी गाठली होती. जित्याची खोड. टाचा खाली टेकवल्या आणि बोटं भिंतीवरून वीतभर घसरली.

"भिंत तुम्ही चढलात, खांदा नाही चढला," बाई म्हणाल्या. "आणि मान बघा कशी जाते. इकडे या, आरशात बघा."

रेडिओचं सगळं आयुष्य आरशासमोर गेलं, पण आरशात तो बघायचा ते दुसऱ्याचं डोकं. त्या दिवशी बाईंनी त्याला आरशासमोर एकटा उभा केला आणि हात वर करायला सांगितला. त्याने केला. मान तिरपी झाली, कोपर बाहेर आलं, खांदा कानाशी गेला आणि तोंड एका अंगाला ओढलं गेलं. हात कानाशी येऊन थरथरत थांबला.

ती अप्पांची सलामी होती. ब्रश तेवढा नव्हता. इतकी वर्षं तो ती करून दाखवत होता आणि आज पहिल्यांदा ती न करता होत होती. तो तसाच पलंगावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी शेजारीच होतो. गुडघ्यावर शेकाची पिशवी घेऊन पडलो होतो, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

"दुखतंय का काका?" बाईंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. दुसरं काय सांगणार?

बाईंनी त्याला पाणी दिलं आणि थोड्या वेळाने सांगितलं की घरी हा व्यायाम एकट्याने करू नका. कोणीतरी मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवायला हवा, म्हणजे तो उचलला की दाबता येईल.

"सकाळी घरी कोण असतं?"

"बायको कामावर जाते."

"आणि?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "वडील असतात."

"मग झालं की! त्यांना सांगा."

पण त्याने सांगितलं नाही. कितीतरी दिवस काही ना काही निमित्त. आज अप्पांची झोप नीट झाली नाही, उद्या अप्पांना सर्दी. शेवटी मला म्हणाला, "काका, तुम्हीच येत जा ना सकाळी. पाच मिनिटांचं तर काम."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "घरात माणूस बसलाय आणि मी जिना चढू? मी नाही येणार." आणि नाही गेलो. त्याला राग आला. येऊ दे.

पुढचं त्यानेच सांगितलं. वहिनी कामावर गेल्यावर तो अप्पांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, मी भिंतीशी व्यायाम करतो, तेव्हा मागून माझ्या खांद्यावर जरा हात ठेवाल? खांदा वर गेला तर दाबायचा."

अप्पांनी पेपर घडी घालून ठेवला आणि उठले. हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वाट बघितली. हात काही येईना. वाटलं, अप्पा विसरले, म्हणून वळून पाहिलं. अप्पांचा उजवा हात छातीपर्यंत येऊन थांबला होता. ते अपेक्षितच होतं. पण अप्पा आता डावा उचलायला बघत होते आणि तोही तिथेच थांबत होता. उजव्या तळव्याने डाव्या कोपराला खालून रेटत होते. हा बघतोय म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात पटकन खाली घेतले.

डावा खांदाही गेलेला होता. कधी गेला, घरात कोणालाच माहीत नव्हतं.

रेडिओने स्वयंपाकघरातून बुटकं स्टूल आणलं, भिंतीजवळ ठेवलं आणि त्यावर बसला. आता त्याचा खांदा अप्पांच्या हाताच्या उंचीला आला. अप्पांनी हात ठेवला. त्याने बोटांनी भिंत चढायला सुरुवात केली.

"उचललास," अप्पा म्हणाले आणि दाबलं. लहानपणी वस्तरा शिकवताना बोलायचे तोच आवाज. "पुन्हा उचललास. खाली."

बसल्यामुळे चवड्यांवर चढायची सोयच राहिली नाही. बोटं हनुवटीपर्यंतच गेली, पण खरी गेली. भिंतीकडे बघतच त्याने विचारलं, "अप्पा, डावा कधीपासून?"

"झाली की वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू त्याचंही करून दाखवलं असतंस," अप्पा म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. पाऊस येईल, छत्री ने, असं सांगावं तसं म्हणाले. रेडिओ म्हणतो, ते एक वाक्य पेलण्यापेक्षा पहिलवानाचा झटका बरा होता. त्याला तिथेच वळून त्यांचे पाय धरावेसे वाटले, माफी मागावीशी वाटली. पण आयुष्यभर फुकट बडबड केलेल्या त्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. खांद्यावर हात तसाच होता. "चल, पुन्हा," अप्पा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तो अप्पांना सेंटरवर घेऊन आला. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, म्हणजे कोणीतरी घालून दिला होता. मी माझ्या पलंगावर, नळवाला त्याच्या पलंगावर, कप्पीशी आणखी दोघंतिघं. जिना होत नाही म्हणणारे अप्पा जिना चढून, कठडा न धरता, आत आले.

बाईंनी दोन्ही खांदे तपासायला बराच वेळ घेतला. मग खुर्ची ओढून अप्पांसमोर बसल्या. "आजोबा, खरं सांगते. पूर्ण वर नाही जाणार आता हात. पण दुखणं पुष्कळ कमी होईल. शर्ट स्वतःचा स्वतः घालाल, कपाटातलं काढाल, अंघोळीला कोणाची मदत लागणार नाही. रोज करावं लागेल मात्र." मग सहजच विचारलं, "तेव्हा का नाही आलात? तेव्हा आला असतात तर बराच मोकळा झाला असता."

रेडिओचा चेहरा पार उतरला. तेव्हा झालं असतं. ही गोष्ट त्याला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही, त्या क्षणापर्यंत कळली नव्हती. आम्ही दोघंही, म्हातारपण ते म्हातारपण, असंच धरून चाललो होतो.

अप्पांनी मात्र उत्तर तयार ठेवल्यासारखं दिलं. "दुकानात गर्दी असायची हो. एकटा मुलगा किती बघणार? राहूनच गेलं."

झालं. अप्पांनी झाकण घातलं होतं. बाईंनी मान हलवली, त्या उठायलाही लागल्या. रेडिओने गप्प राहायचं होतं, बास. एवढंच काम होतं.

"गर्दी कामाची नव्हती, मॅडम," तो म्हणाला. नेहमीच्या, दुकानातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी यांच्या दुखऱ्या हाताची नक्कल करायचो. ती बघायला लोक यायचे. म्हणून हे यायचे थांबले. दुकानातही आणि कुठेही. हा डावा खांदा माझ्यामुळे लपवला यांनी."

खोलीत कप्पीचा दोर थांबला. नळवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. अप्पांचे कान लाल झाले होते.

"चार लोकांत कशाला हे?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"केली पण चार लोकांतच होती, अप्पा."

बाई म्हणाल्या, "आजोबा, शेक द्यायचाय, शर्ट काढूया." रेडिओ बटणं काढायला पुढे झाला. अप्पांनी त्याच्याकडे न बघता त्याचा हात बाजूला सारला आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही काढा." बाईंनी काढली. हात बाहीतून सोडवताना अप्पांच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं, तसा रेडिओ पुन्हा पुढे झाला.

"तू तुझा व्यायाम कर," अप्पा म्हणाले.

रेडिओने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड करून बसला आणि बोटं भिंतीवर टेकवली.